सदतीस कोऱ्या चिठ्ठ्या

चाळीस चिठ्ठ्यांपैकी सदतीस कोऱ्या होत्या. उरलेल्या तीनपैकी एकीवर 'छान' लिहिलं होतं, दुसरीवर 'थँक्यू मॅडम' आणि तिसरीवर, अगदी वळणदार अक्षरात, 'प्रश्न नाही. सगळं समजलं.'

मी त्या उलट्या करून पाहिल्या. मागे काही असेल म्हणून. मग पुन्हा मोजल्या. माझ्या पुढ्यात काचेची पेटी होती, माशांच्या दुकानातून आणलेली. तिच्यात खडी, वाळू, मुरूम आणि वर काळ्या मातीचा थर. मातीत दोन नळ्या रोवलेल्या. जाड आणि उथळ ती विहीर, बारीक आणि तळापर्यंत गेलेली ती बोअर. बोअरला हँडवॉशच्या बाटलीचा पंप बसवला होता. प्रत्येक थरावर, प्रत्येक नळीवर मी छापील नावं चिकटवली होती. पाण्यात निळी शाई होती. इतकं नीट सगळं असून चाळीस पोरांना एकही प्रश्न पडला नव्हता.

आता सानू तिसरीत आहे. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती आणि मी विद्यापीठाच्या भूगोल विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे वर्गात उभं राहिलं तेवढ्याच तासांचा पगार. सुट्टी लागली की आपण कुणी नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. नवरा चाकणच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी. सानूला सांभाळायला सासूबाई गावाहून येऊन राहिल्या होत्या, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं की जूनला त्या वडनेरला परत जाणार. पोर दाराकडे तोंड करून बसतं आणि तू तुझ्या तासांच्या मागं, असं त्या म्हणायच्या. भांडायच्या नाहीत, भाजी निवडता निवडता म्हणायच्या, म्हणून जास्त लागायचं. त्या गेल्या की मी नोकरी सोडणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

मला एकच वाट दिसत होती. आमच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या मागे एका लांब खोलीत अध्यापक विकास केंद्र होतं आणि ते डॉ. विजया ढवळे चालवत. दर दुसऱ्या सोमवारी त्यांचं एक पानी पत्रक निघे. त्यात तीन मथळे असत: निधी, कार्यक्रम आणि उसनं मिळेल. कुठल्या संस्थेचं अनुदान कधी बंद होतंय, कुठे कार्यशाळा आहे, केंद्रातून कुठला नकाशा, कुठलं मॉडेल आठवड्यासाठी नेता येईल, हे सगळं. ई-मेल कुणी उघडत नाही म्हणून मॅडम स्वतः टाचण्यांची डबी घेऊन विभाग-विभाग फिरत. एकदा कुणाच्या तरी डब्याखाली पत्रक सापडल्यावर त्यांनी चिडचिड केली नाही. पुढच्या वेळेपासून पाठीमागे कोरं वेळापत्रक छापायला लागल्या. तेव्हापासून ते पान कुणी टाकलं नाही.

अशाच एका पत्रकात, 'निधी' खाली, अध्यापन साधन निधीची सूचना होती. एका अध्यापकाला साधन तयार करायला पैसे आणि दोन वर्षांसाठी प्रकल्प सहायक म्हणून ठरावीक पगार, म्हणजे सानूला पाळणाघर परवडलं असतं. पात्रतेत 'पूर्णवेळ अध्यापक' असं लिहिलेलं असतंच, म्हणून मी पुढे सरकणार होते. पण तिथे 'शिकवणारे सर्व' असं होतं. मी ते दोनदा वाचलं. नंतर कळलं की त्या दोन शब्दांसाठी मॅडम दोन वर्षं विद्वत परिषदेच्या प्रत्येक बैठकीला फाईल घेऊन बसल्या होत्या.

निवडीची पद्धतही त्यांचीच. प्रस्ताव वाचून कुणाला निधी द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रस्तावात सगळ्यांचीच उद्दिष्टं साध्य झालेली असतात, तीही साधन तयार होण्याआधी. म्हणून अर्जदारानं दुसऱ्याच शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वीस मिनिटं शिकवायचं. एकच पाठ, दोन वेळा, दोन वेगवेगळ्या तुकड्यांना. पाठ संपला की मुलांनी चिठ्ठीवर मनात आलेला प्रश्न लिहायचा. पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या फक्त त्या अध्यापकानं बघायच्या, मधल्या दीड तासात. दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या आणि ज्याच्या पाठानंतर मुलांना जास्त प्रश्न पडले त्याला निधी.

आम्ही चौघं होतो. तीन पूर्णवेळ, आणि मी.

कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन मी केंद्राच्या खोलीत बसले होते. सासूबाई सानूला घेऊन आल्या होत्या, कारण ती अजून अंगावर पीत होती. तिला पाजून झालं, सासूबाई जेवायला उपाहारगृहाकडे गेल्या आणि सानू टेबलाखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे रांगत निघाली. चिठ्ठ्या बघू की तिला बघू, मला कळेना. तेवढ्यात ढवळे मॅडम आल्या. साठीला टेकलेल्या, उंच, ताठ, खादीची साडी. म्हणाल्या, हिला मी व्हरांड्यात घेऊन बसते, तुम्ही तुमचं काम करा.

मी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मला काही विचारू नका हं, शेवाळे. आज मी कुणालाच काही सांगत नाही."

आणि सानूला पुढे घालून बाहेर गेल्या.

मी चिठ्ठ्यांकडे बघत राहिले, म्हणजे बघितल्यासारखं करत राहिले. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. व्हरांड्याच्या कडेला एकच पायरी होती, खाली बाग. चांगली फूटभर उंच. सानू सरळ त्या कडेशी गेली. घरी मी असल्या जागी आधी पोचते. कपाटाच्या कोपऱ्याला कापड बांधलेलं, न्हाणीच्या उंबऱ्याला पाट आडवा. ती पडायच्या आधी मी तिथे असते. असंच होतं माझं. वर्गातही.

मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. हात पाठीमागे बांधलेले. नुसत्या बघत होत्या.

सानू पायरीच्या कडेला आली. खाली वाकून तिनं पाहिलं. मी उठले. चिठ्ठ्या मांडीवरून खाली पडल्या. मॅडम हलल्या नाहीत. मी दारापर्यंत पोचले तेव्हा सानू कडेला बसली होती. मग वळली, पोटावर आडवी झाली आणि पाय मागे लोंबकळवत अंदाज घेत खाली उतरली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवू दिलं नसतं. बागेत उभी राहून ती आमच्याकडे बघत होती, पुन्हा वर कसं यायचं हा पुढचा विचार चेहऱ्यावर.

मॅडमनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. हात तसेच पाठीमागे.

मी आत आले आणि खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या. मग पहिल्यांदा मला माझा पाठ ऐकू आला. मी पंप दाबायच्या आधीच सांगितलं होतं की आता बोअरमधून पाणी निघेल आणि शेजारची विहीर खाली जाईल. मग ती खाली गेली. का गेली, तेही मी लगेच सांगितलं. वीस मिनिटांत मी श्वास घ्यायला थांबले नव्हते. तासावर पगार घेणाऱ्या माणसाला वर्गात गप्प बसणं चोरी वाटते. एक मिनिट मोकळं राहिलं तर कुणीतरी येऊन विचारेल, हे कशाचे पैसे घेता, असं सारखं वाटत राहतं. चार वर्षं मी एकही मिनिट मोकळं सोडलं नव्हतं. पोरांना शिरायला जागाच नव्हती.

मी पेटीवरची नावं नखानं खरवडून काढली. सगळी निघाली नाहीत. 'मुरूम' मधला 'मु' तसाच राहिला.

दुसऱ्या फेरीला समोर वाणिज्य शाखेची मुलं होती. सासूबाई झोपलेल्या सानूला मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या, कारण बाहेर ऊन होतं. मी फक्त एवढंच म्हणाले की ही एक विहीर आहे आणि ही एक बोअर, दोन शेतं शेजारी-शेजारी आहेत. आणि पंप दाबायला लागले.

दाबत राहिले. कुणी बोलेना. टेबलाची कड मी डाव्या हातानं इतकी घट्ट धरली होती की नंतर दोन दिवस अंगठा दुखला. मागच्या भिंतीशी निवड समितीतले विज्ञान शाखेचे अधिष्ठाता डॉ. कुलथे बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. विहिरीतलं निळं पाणी बोटभर उतरलं.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा पुढे झुकला. "मॅडम, तुम्ही तर विहिरीला हातच लावला नाही."

"नाही लावला."

"मग तिचं पाणी कुठं गेलं?"

"तुला काय वाटतं?"

त्याला जे वाटलं ते त्याच्या शेजारणीला पटलं नाही. मग मागचे उठून पुढे आले. एकीनं पंप हातात घेतला. विहीर आणखी खोल केली तर, मधे दगड असला तर, दोघांनी एकदमच उपसलं तर. मी त्यातल्या पुष्कळ गोष्टी करून दाखवल्या आणि काहींना म्हणाले, मला माहीत नाही. हे वाक्य मी वर्गात याआधी उच्चारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा कुलथे सरांनी चष्मा काढून पुसला.

चार वाजता मॅडमनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. कोरी चिठ्ठी बाजूला, 'छान' बाजूला, प्रश्न असेल ती या गठ्ठ्यावर. पहिल्या दोघांचं वाचून झालं. मग भौतिकशास्त्राचे तडवी सर. सायकलचं चाक फिरवून शिकवणारा हसरा माणूस, वीस वर्षं त्यांनी पदरचं सामान आणून शिकवलं होतं. त्यांचे प्रश्न सत्तावीस झाले. ते स्वतःच टाळ्या वाजवायला लागले आणि मग लाजून थांबले.

माझ्या चिठ्ठ्या निघायला लागल्या. मी बघत नव्हते, फक्त मोजत होते. सव्वीसला गठ्ठा संपत आला. शेवटची चिठ्ठी उलगडून मॅडमनी वाचली:

"आमचं बोअर झालं त्या साली शेजारच्या सोनवण्यांची विहीर आटली. ते आमच्यामुळं झालं का?"

खोलीत कुणी हसलं नाही. मॅडम ती चिठ्ठी हातात धरून राहिल्या. मग वर बघून त्यांनी विचारलं की ही कुणी लिहिली.

मागच्या बाकावरून सासूबाईंनी हात वर केला. एका हातात सानू.

"माझी हाय. चिठ्ठ्या वाटनाऱ्या पोरीनं कागुद दिला, म्हनून लिवला. काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही या तुकडीत नाही ना?"

"मी हिची सासू."

तेव्हा मात्र पोरं हसली. कुलथे सरही. ते म्हणाले, "मॅडम, आज वाचलेल्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. धरा की. दोघांचे सत्तावीस होतील, निधी अर्धा-अर्धा करू."

तडवी सर लगेच म्हणाले, माझी काही हरकत नाही. मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं, तोंडानं नाही, पण मागितलं. त्यांना माझं सगळं माहीत होतं. जून माहीत होता.

"सर, नियमात विद्यार्थी असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि नियम मी लिहिलाय. दुसऱ्या कुणाचा असता तर मोडलाही असता."

चिठ्ठी त्यांनी गठ्ठ्यावर ठेवली नाही. कोऱ्यांतही टाकली नाही. घडी घालून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"ही मोजता येत नाही. पण हिचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल."

निधी तडवी सरांना मिळाला. तो त्यांनाच मिळायला हवा होता हे मला आज पटतं. तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं आणि तोंड वळवून पेटीतलं पाणी बादलीत ओतायला लागले.

सगळे गेल्यावर मॅडम आल्या. मला वाटलं, काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "ही पेटी केंद्रात ठेवाल? निधी माझ्या हातात नाही, पण 'उसनं मिळेल'मध्ये जागा आहे. तुमच्या नावानं टाकते. महाविद्यालयांतून मागणी आली की तुम्हालाच बोलावतील, मानधन त्यांचं."

मी मान हलवली. मग न राहवून म्हणाले की मॅडम, दुपारी तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत, पण सानू पायरी उतरत होती तेव्हा हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात, त्यातून मी सगळं शिकले. तुम्ही मुद्दामच केलंत ना?

त्या क्षणभर गोंधळल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं.

"अहो कसलं मुद्दाम. कमरेला पट्टा आहे. सकाळपासून वाकताच येत नाहीये. हात मागे धरले की जरा बरं वाटतं. ती कडेला गेली तेव्हा माझा जीव नुसता वर-खाली. तुम्हाला हाक मारणार होते, आवाजच फुटेना."

मी पाहिलं. पट्टा होता खरा, पदराखाली. आणि तो तसाच आवळून त्या दिवसभर आठही पाठांना उभ्या राहिल्या होत्या, बसल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आता टेबलाखाली पडलेल्या त्या चिठ्ठ्या तेवढ्या उचलून द्या," त्या म्हणाल्या.

पेटी धुऊन द्यायची म्हणून मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मागच्या ओट्यावर सानू ताटलीवर चमचा आपटत होती आणि मी थर मोकळे करायला बसणार एवढ्यात सासूबाई येऊन शेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, अजून उपसू नको, आधी पाणी घाल.

मी पाणी घातलं. या वेळी शाई नव्हती.

त्यांनी स्वतः पंप दाबून पाहिला. त्यांचा हात माझ्यापेक्षा सवयीचा होता. विहिरीतलं पाणी उतरलं. त्या थांबल्या. पाणी अगदी हळू, नखाएवढं, परत चढलं. पुन्हा दाबला, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी मला सोनवण्यांचं सांगितलं. बांधाला बांध. सोळा वर्षांपूर्वी आमची बोअर झाली, चांगलं पाणी लागलं, पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात त्यांची जुनी विहीर गेली. यमुना, म्हणजे सोनवण्यांची बायको, बांधावर येऊन बोलली. सासरे तिला म्हणाले, पाणी काय आम्ही ताटातून ओढून नेलं का. त्या दिवसापासून हळदीकुंकू बंद. यमुना आणि सासूबाई एकाच गावच्या लेकी, एकाच मांडवात लग्न झालेल्या.

"तिथं त्या पोरांना तू म्हनालीस, मला माहीत न्हाई," त्या म्हणाल्या. "मलाबी तेच सांगनार?"

माझ्या जिभेवर आलं होतं: नाही हो आई, तुमच्यामुळे कसं होईल. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी थांबले. सानूचा चमचा वाजत होता.

"आपल्याकडे ही अशी वाळू नाही, आई. काळा दगड आहे. त्यात भेगा असतात. तुमची भेग आणि त्यांची भेग एक असेल तर तुमच्यामुळेच. एक नसेल तर नाही. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"म्हंजी असंल."

"असू शकेल."

"असू शकंल म्हंजी हो का न्हाई?"

"म्हणजे असू शकेल, आई. दोन्ही ठिकाणी पाणी मोजावं लागेल. वर्षभर तरी. मला अजून ते नीट येतही नाही."

त्यांनी पंपावरचा हात काढला नाही, दाबलाही नाही. विहिरीच्या नळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जूनला मी जात न्हाई."

मी पेटीवरून मान वर केली.

"पोरीला मी बघते. तू आधी हे शीक नीट. मग मला सांग, यमुनेकडं जाऊन मी काय म्हनू."